गळतीचा पत्ता आकाशातून

कॅस्पियन समुद्राच्या पूर्व किनाऱ्यालगत, तुर्कमेनिस्तानच्या ओसाड पट्ट्यात, चिखलाचे ज्वालामुखी आहेत. लाव्ह्याऐवजी ते चिखल ओकतात आणि त्याच्याबरोबर बुडबुडत वायू वर येतो. जानेवारी २०१९ मध्ये कॅनडातल्या एका कंपनीचा छोटा उपग्रह यांतल्याच एका ज्वालामुखीवर नजर रोखून होता. त्यातून मिथेन किती निघतो, एवढेच पाहायचे होते. ज्वालामुखी राहिला बाजूला, चित्रात भलताच एक लोट दिसला. तो निघत होता कोर्पेजे या तेल-वायू क्षेत्रातल्या कॉम्प्रेसर स्टेशनातून, म्हणजे वायूला दाब देऊन पाइपलाइनमध्ये पुढे ढकलणाऱ्या केंद्रातून.

शास्त्रज्ञांनी मग युरोपच्या दुसऱ्या एका उपग्रहाची जुनी निरीक्षणे उकरून काढली. गळती काही कालपरवाची नव्हती. फेब्रुवारी २०१८ ते जानेवारी २०१९ या काळात या परिसरातून सुमारे १ लाख ४२ हजार टन मिथेन हवेत गेला होता. जगात कुठेही त्याचा गाजावाजा झालेला नव्हता. कंपनीने आपली माहिती राजनैतिक मार्गाने तुर्कमेनिस्तानपर्यंत पोहोचवली आणि काही महिन्यांतच तो लोट दिसायचा थांबला.

या उपग्रहाचे कागदोपत्री नाव जीएचजीसॅट-डी आणि लाडाचे नाव ‘क्लेअर’. तो अवकाशात गेला तो आपल्या श्रीहरिकोट्याहून. २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ या प्रक्षेपकाने एका फेरीत २० उपग्रह वर नेले, त्यांत पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या, म्हणजे सीओईपीच्या, विद्यार्थ्यांनी बांधलेला जेमतेम किलोभर वजनाचा ‘स्वयम्’ही होता. महाराष्ट्रात कौतुक झाले ते अर्थातच ‘स्वयम्’चे, आणि ते रास्तच होते. पण त्याच गाडीतून गेलेल्या त्याच्या या कॅनेडियन सहप्रवाशाने पुढे एक नवा व्यवसाय उभा केला: जमिनीवरच्या गळत्या वरून हेरायच्या आणि त्या नेमक्या कोणाच्या, हे सांगायचे.

मुळात मिथेन आपल्याला अनोळखी नाही. मुंबई-पुण्यात पाइपने स्वयंपाकघरात येणारा गॅस, रिक्षातला सीएनजी, गावाकडच्या गोबरगॅस संयंत्रातला जळणारा भाग, हे सगळे प्रामुख्याने मिथेनच. (सिलिंडरमधला एलपीजी वेगळा, तो प्रोपेन आणि ब्युटेनचा.) त्याला रंग नाही आणि स्वतःचा वासही नाही. घरगुती गॅसला जो उग्र दर्प येतो, तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा. कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत मिथेन हवेत फार टिकत नाही, साधारण बारा वर्षांत त्याचा निकाल लागतो. पण असतो तोवर जबर तापवतो. वीस वर्षांचा हिशेब धरला तर एक टन मिथेन ऐंशीहून अधिक टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या तुलनेत हवेतले त्याचे प्रमाण आज अडीचपटीहून जास्त आहे, आणि आजवरच्या तापमानवाढीतला सुमारे तीस टक्के वाटा त्याच्या खात्यावर लिहिला जातो.

या अल्पायुष्यातच आशेची जागा आहे. आज सोडलेला कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके पुरतो, त्यामुळे त्यातली कपात पचनी पडायला वेळ लागतो. मिथेनची गळती आज बंद केली तर तिचा परिणाम आपल्या हयातीत दिसतो. अडचण एवढीच की बंद करायची तर ती आधी सापडायला हवी, आणि तेलविहिरी, पाइपलाइनी, कोळशाच्या खाणी, कचऱ्याचे डोंगर यांचा पसारा इतका अफाट आहे की मोजणीयंत्र हातात घेऊन सगळीकडे फिरणे कोणालाच शक्य नाही. म्हणून वर्षानुवर्षे काम चालले ते अंदाजाने. अमुक इतके व्हॉल्व्ह, प्रत्येकातून सरासरी तमुक इतकी गळती, गुणाकार करा आणि अहवालात लिहा. अशा गुणाकारात बिघडलेला व्हॉल्व्हही सरासरीइतकाच गुणी ठरतो. वाऱ्यावर सोडलेली विहीर त्यात कधीच येत नाही.

जे डोळ्याला दिसत नाही ते उपग्रहाला दिसते, ते सूर्यप्रकाशामुळे. सूर्याचा प्रकाश वातावरणातून खाली येतो, जमिनीवर आपटतो आणि परत वर जातो. या येण्याजाण्यात वाटेतला प्रत्येक वायू त्यातल्या आपल्या आवडीच्या लांबीच्या लहरी शोषून घेतो. मिथेनची आवड ठरलेली आहे: १.६५ मायक्रॉनच्या आणि २.३ मायक्रॉनच्या आसपासच्या अवरक्त लहरी. माणसाच्या डोळ्याची धाव साधारण ०.७ मायक्रॉनपर्यंतच, त्यामुळे आपल्याला यातले काही कळत नाही. उपग्रहावरचा वर्णपटमापक मात्र परतलेल्या प्रकाशाची बारीक फोड करतो आणि नेमक्या त्या जागी किती अंधार पडला आहे ते बघतो. अंधार जितका गडद, तितका वाटेत मिथेन जास्त. तत्त्व एवढेच. कस लागतो तो पुढे, कारण मिथेन सगळीकडेच थोडाथोडा आहे आणि गळतीमुळे त्यात पडणारी भर बहुतेक वेळा अगदी किरकोळ असते.

सुरुवातीचे उपग्रह दूरवरचे पण धूसर पाहणारे होते. २००२ मध्ये गेलेल्या युरोपच्या एन्व्हिसॅटवरचे ‘सियामाची’ आणि २००९ मधला जपानचा ‘गोसॅट’ यांनी मिथेनचे जागतिक नकाशे काढले. अमेरिकेत चार राज्ये जिथे एका बिंदूत मिळतात त्या ‘फोर कॉर्नर्स’ भागावर मिथेनचा मोठा डाग आहे, हे सियामाचीच्याच नोंदींतून २०१४ मध्ये उजेडात आले. डाग दिसला, पण कोणत्या विहिरीचा, कोणत्या खाणीचा, हे त्यातून सांगता येईना.

एका ठिकाणाचा लोट कक्षेतून वेगळा ओळखता आला तो कॅलिफोर्नियात, आणि तोही काहीसा नशिबाने. ऑक्टोबर २०१५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या अलिसो कॅन्यन या भूमिगत गॅससाठ्याची, १९५३ मध्ये खणलेली एक विहीर फुटली. जवळच्या पोर्टर रँच वस्तीतल्या लोकांची डोकी दुखू लागली, मळमळू लागले. हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली. गळती फेब्रुवारी २०१६ मध्ये आटोक्यात आली तोवर सुमारे ९७ हजार टन मिथेन निसटला होता. हा आकडा विमानाने वारंवार घिरट्या घालून काढलेला होता. पण त्याच काळात नासाच्या म्हाताऱ्या ईओ-१ उपग्रहावरच्या ‘हायपेरियन’ या उपकरणानेही तो लोट टिपला. २००० साली सोडलेले हे उपकरण या कामासाठी बनवलेलेच नव्हते. त्याला जमले, तर खास बनवलेल्याला काय जमेल, हा प्रश्न मग आपोआप पुढे आला.

त्याचे उत्तर १३ ऑक्टोबर २०१७ रोजी रशियातल्या प्लेसेत्स्कहून कक्षेत गेले. युरोपच्या सेंटिनेल-५पी या उपग्रहावरचे ‘ट्रोपोमी’ हे उपकरण एका फेरीत २,६०० किलोमीटर रुंदीचा पट्टा पाहते आणि रोज जवळजवळ सगळी पृथ्वी चाळून काढते. त्याच्या चित्रातला एक ठिपका सुमारे सात किलोमीटर लांबीचा असतो. एवढ्या ठिपक्यात अख्खे कांजूरमार्ग, भांडुप, विक्रोळी मावेल. त्यामुळे गळती नेमकी कुठल्या नळीतून, हे ट्रोपोमी सांगू शकत नाही. या बाजूला काहीतरी बिनसले आहे, एवढे सांगतो.

तेवढेही किती मोलाचे असू शकते, हे ओहायोने दाखवले. १५ फेब्रुवारी २०१८ रोजी या अमेरिकी राज्यातल्या बेलमाँट परगण्यात एक्सॉनमोबिलच्या उपकंपनीची एक गॅसविहीर उसळली आणि वीस दिवस उसळतच राहिली. ट्रोपोमी तेव्हा कक्षेत जाऊन चारच महिने झाले होते. तेराव्या दिवशी आकाश निरभ्र होते आणि लोट त्याच्या नजरेला पडला. नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी हिशेब केला: ताशी सुमारे १२० टन, एकूण अंदाजे ६० हजार टन. नॉर्वे, फ्रान्स यांसारख्या देशांचे अख्खे तेल-वायू उद्योग वर्षभरात जेवढा मिथेन सोडल्याचे सांगतात, त्याहून हे जास्त होते. अपघात स्थानिक बातमीत गाजला होता. त्याचा आवाका कळला तो २०१९ च्या अखेरीस शोधनिबंध प्रसिद्ध झाला तेव्हा.

आता या कामाची सरळ वाटणी झाली आहे. ट्रोपोमी रुंद नजरेने संशयित जागा हेरतो आणि जीएचजीसॅटसारखे उपग्रह तिथे जवळून निरखतात. क्लेअर एका वेळी जेमतेम बारा किलोमीटर लांबी-रुंदीचा तुकडा पाहतो आणि डोक्यावरून जाताना स्वतःला वळवत नजर त्याच तुकड्यावर खिळवून ठेवतो. त्याच्या पुढच्या भावंडांच्या चित्रातला ठिपका २५ मीटरच्या आसपास आला आहे. म्हणजे टाकी कोणती आणि पाइप कोणता, हे बोट ठेवून दाखवता येते. जानेवारी २०२२ मध्ये या भावंडांना रशियातल्या रास्पाद्स्काया कोळसा खाणीवर एकाच वेळी तेरा लोट दिसले, मिळून ताशी सुमारे ८७ टन. त्याच वर्षी फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या एका गुरांच्या छावणीवर चक्क गाईंच्या ढेकरांचा मिथेन मोजला गेला: ताशी ४४३ ते ६६८ किलो.

यात सर्वांत हुशारीचा भाग वाटतो तो जुगाडाचा. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह शेती, जंगले, किनारे पाहण्यासाठी सोडलेले आहेत. मिथेन त्यांच्या यादीत नव्हता. पण त्यांच्या कॅमेऱ्याच्या अनेक पट्ट्यांपैकी एक, सुमारे १.६ मायक्रॉनचा, मिथेनला थोडाच दाद देतो, आणि दुसरा, सुमारे २.२ मायक्रॉनचा, बराच जास्त. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून फरक काढला, शिवाय त्याच जागेच्या गळती नसलेल्या दिवसाशी ताडून पाहिला, की मोठे लोट उठून दिसतात. हा दर पाच दिवसांनी मिळणारा चित्रसंग्रह फुकट आहे आणि कित्येक वर्षे मागे जातो. त्यामुळे आज सापडलेली गळती सुरू कधी झाली, हेही आता विचारता येते. जुन्या लँडसॅट उपग्रहांची चित्रे धरली तर हा शोध आणखी कितीतरी मागे नेता येतो.

कझाकस्तानातल्या विहीर क्रमांक ३०३ वर ही सगळी फौज एकत्र उतरली. मांगिस्ताऊ प्रांतातल्या कारातुरुन ईस्ट क्षेत्रात ९ जून २०२३ रोजी खोदकाम चालू असताना ही विहीर फुटली आणि पेटली. दहा मीटर उंचीच्या ज्वाळा उठल्या, भोवती खड्डा पडला. विहीर अखेर २५ डिसेंबरला, चिखलाचा मारा करून बुजवण्यात आली. मधे सुमारे दोनशे दिवस गेले. आग लागली म्हणजे मिथेन जळून संपला असेल, असे कोणालाही वाटेल. जळाला तो काही भागच. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातले लुईस ग्वांतेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रोपोमी, जीएचजीसॅट, सेंटिनेल-२, लँडसॅट, इटलीचा प्रिझ्मा, जर्मनीचा एनमॅप, अंतराळ स्थानकावरचे नासाचे ‘एमिट’ अशा सगळ्यांच्या नोंदी एकत्र केल्या. शंभराहून अधिक वेळा लोट स्वच्छ दिसला होता. एकूण मिथेन निघाला सुमारे १ लाख ३१ हजार टन. एका विहिरीच्या अपघातातून बाहेर पडलेला, मोजला गेलेला, हा सर्वांत मोठा साठा ठरला.

विहिरीच्या मालक कंपनीने मात्र हे मान्य केले नाही. विहिरीत मिथेन नगण्यच होता, उपग्रहांना दिसली ती पाण्याची वाफ असावी, असा तिचा बचाव होता. शास्त्रज्ञांचे म्हणणे असे की वाफेच्या आणि मिथेनच्या शोषणाच्या खुणा वेगळ्या असतात, आणि सात वेगवेगळी उपकरणे एकाच वेळी एकाच वाफेने फसत नाहीत. यात कोणाची बाजू पटण्याजोगी आहे, हे सांगायला रसायनशास्त्राची पदवी लागू नये.

तुर्कमेनिस्तानकडे पुन्हा एकदा वळायला हवे, कारण तिथली गोष्ट कोर्पेजेवर संपली नाही. २०१७ ते २०२० या काळातल्या चित्रांचा अभ्यास करताना देशाच्या पश्चिम किनारपट्टीवर मोठ्या गळतीची २९ ठिकाणे सापडली. त्यांतली २४ ठिकाणे चक्क विझलेले फ्लेअर निघाले. तेलाबरोबर वर येणारा नको असलेला गॅस ज्या उंच नळीच्या तोंडाशी जाळून टाकतात तिला फ्लेअर म्हणतात. जाळला की कार्बन डायऑक्साइड होतो. तो वाईट, पण मिथेनपेक्षा बरा. ज्योत विझली की गॅस तसाच हवेत. आणि यातली गोम अशी की जळणारा फ्लेअर रात्रीच्या उपग्रहचित्रांत लख्ख दिसतो, विझलेला मात्र तेव्हा कोणालाच दिसत नव्हता. फ्लेअर कमी करा असा दबाव वाढल्यावर काही ठिकाणी ज्योतच घालवून टाकली गेली असावी, अशी शंका शास्त्रज्ञांनी बोलून दाखवली आहे. कागदावर प्रदूषण कमी झाले असणार.

आता मुंबई. २०२२ मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात नेदरलँड्सच्या एसआरओएन या अवकाश संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी चार शहरांचा अभ्यास मांडला: ब्युनोस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबई. पद्धत वर सांगितलेलीच. ट्रोपोमीने शहरे हेरली, जीएचजीसॅटने कचऱ्याचे डेपो. या शहरांतून निघणारा मिथेन जागतिक हिशेबवह्यांमधल्या अंदाजाच्या १.४ ते २.६ पट निघाला. एकेका डेपोतून ताशी ३ ते २९ टन. सर्वांत वरचा आकडा ब्युनोस आयर्सचा. मुंबईतल्या डेपोचा आकडा ताशी १० टनांच्या घरात होता. तो दर वर्षभर तसाच टिकतो असे धरले तर वर्षाला ८५ हजार टन, म्हणजे अलिसो कॅन्यनच्या संपूर्ण दुर्घटनेच्या जवळपास, आणि तेही दर वर्षी. अलिसो कॅन्यनसाठी आणीबाणी जाहीर झाली होती.

कचऱ्यातून मिथेन का येतो, हे मुंबईकरांना वासावरून निम्मे माहीतच आहे. भाजीची देठे, शिळा भात, फळांची साले ढिगाखाली दबली की त्यांना हवा मिळत नाही, आणि हवेविना जगणारे सूक्ष्मजीव त्यांचा मिथेन करतात. गोबरगॅसच्या टाकीत हीच क्रिया आपण मुद्दाम घडवतो आणि गॅस वापरतो. डेपोवर ती आपोआप घडते. १९२७ पासून कचरा झेलणाऱ्या देवनारच्या ढिगाला जानेवारी २०१६ मध्ये आग लागली तेव्हा तिचा धूर नासाच्या उपग्रहचित्रांत दिसला आणि जगभर छापून आला. धूर दिसतो म्हणून त्याची बातमी होते. ढिगातून रात्रंदिवस निघणाऱ्या मिथेनची बातमी व्हायला वर्णपटमापक लागला.

तरी या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. उपग्रह आपल्याला दर वेळी एक क्षण दाखवतो, तोही दिवसाचा आणि निरभ्र आकाशातला. एका सकाळचा आकडा ३६५ दिवसांना लावणे हा अंदाजच असतो. दुसरी मेख वाऱ्याची. बंद खोलीत उदबत्तीचा धूर दाट साचतो, पंखा लावला की तोच धूर विरळ होतो. उदबत्ती मात्र त्याच गतीने जळत असते. लोटाचेही तसेच आहे. त्यात एकूण मिथेन किती साठला आहे आणि तो किती लांब पसरला आहे, हे चित्रावरून कळते. पण दर ताशी किती निघतो हे काढायला वाऱ्याचा वेग लागतो, आणि त्या ओसाड जागी वारा मोजायला कोणी बसलेले नसते. तो हवामानाच्या प्रारूपातून उसना घ्यावा लागतो. वाऱ्याचा वेग दुप्पट धरला तर गळतीचा आकडाही जवळपास दुप्पट येतो. म्हणूनच शोधनिबंधांत प्रत्येक आकड्याला कमी-जास्तीची मोठी शेपटी जोडलेली असते. कझाकस्तानच्या १३१ हजार टनांना ती ३४ हजारांची होती. बातमीत येईपर्यंत ही शेपटी बहुधा गळून पडते.

ढगांपलीकडे हे उपग्रह पाहू शकत नाहीत. त्यामुळे पावसाळ्याचे चार महिने कोकण आणि मुंबई त्यांच्यासाठी जवळपास झाकलेलीच. याच दिवसांत भाताच्या खाचरांत पाणी साचलेले असते आणि त्या चिखलातून मिथेन निघत असतो. शिवाय भातशेती आणि गुरे यांचा मिथेन एका जागेतून लोटासारखा येत नाही, लाखो बांधांवर आणि गोठ्यांत विखुरलेला असतो. कॅलिफोर्नियात एका कुंपणात हजारो गाई कोंडलेल्या असतात म्हणून तिथे ढेकर मोजता आले. साताऱ्यातल्या किंवा सांगलीतल्या दोन-चार जनावरांच्या गोठ्याचे तसे होणार नाही. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०३० पर्यंत मिथेन ३० टक्क्यांनी घटवण्याची जी जागतिक प्रतिज्ञा झाली, तिच्यावर भारताने सही केलेली नाही, त्यामागे गुरे आणि भात हेच मोठे कारण आहे. ते समजण्यासारखे आहे. कचरा डेपोंना मात्र ते कारण लागू होत नाही.

पाणी ही आणखी एक अडचण. समुद्राचा पृष्ठभाग या लहरींत काळाकुट्ट दिसतो, प्रकाश परत येतच नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये बाल्टिक समुद्रातल्या नॉर्ड स्ट्रीम वाहिन्या फुटल्या आणि अंदाजे ४ लाख ६५ हजार टन मिथेन बाहेर पडला, इतिहासातल्या सर्वांत मोठ्या घटनांपैकी एक. पण वर ढग आणि खाली समुद्र, त्यामुळे पहिले काही दिवस मिथेन पाहणाऱ्या उपग्रहांच्या हाती फारसे काही लागले नाही. पाण्यावर सूर्य आरशासारखा चमकतो त्या नेमक्या कोनातून पाहिले तरच मोजणी होते. जीएचजीसॅटने ती तशी केली. स्वतःचा लेझर सोबत नेणारा आणि म्हणून रात्रीही पाहू शकणारा ‘मर्लिन’ हा फ्रान्स-जर्मनीचा उपग्रह बांधला जात आहे.

पाहणारे डोळे कोणाचे, हाही प्रश्न आहेच. जीएचजीसॅट ही खासगी कंपनी आहे. तिचे बरेचसे ग्राहक तेल-वायू कंपन्याच आहेत आणि ग्राहकाची माहिती ग्राहकाकडेच राहते. यावर उतारा म्हणून अमेरिकेतल्या एन्व्हायर्नमेंटल डिफेन्स फंड या संस्थेने ‘मिथेनसॅट’ नावाचा उपग्रह ४ मार्च २०२४ रोजी सोडला. बेझोस यांच्या निधीचा आणि न्यूझीलंड सरकारचा त्यात हातभार होता, गूगलची मदत होती, आणि माहिती सर्वांना खुली राहणार होती. २० जून २०२५ रोजी त्याच्याशी संपर्क तुटला आणि तो परत जुळला नाही. सव्वा वर्षात अशा उपग्रहाचा बळी जाणे हा या क्षेत्राला बसलेला मोठा फटका आहे. जमेची बाजू अशी की ‘कार्बन मॅपर’ या दुसऱ्या ना-नफा संस्थेचा, नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या तंत्रावर बेतलेला ‘टॅनेजर-१’ ऑगस्ट २०२४ पासून कक्षेत आहे. त्याच्या अगदी पहिल्या चित्रांतच कराचीच्या एका कचरा डेपोचा लोट होता.

एकूण काय, गळती सापडत नाही ही सबब आता संपली आहे. उरली आहे ती सापडल्यावरची गोष्ट, आणि ती फारशी भूषणावह नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ‘मार्स’ नावाची यंत्रणा उभी केली आहे. उपग्रहांना मोठा लोट दिसला की ती त्या देशाच्या सरकारला आणि कंपनीला कळवते. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिने आपला हिशेब मांडला: दोन वर्षांत सुमारे १,२०० सूचना पाठवल्या, त्यांतल्या जेमतेम एक टक्क्यावर काही ठोस उत्तर आले. वर्षभरानंतरच्या अहवालात हे प्रमाण बारा टक्क्यांवर गेले. वाढ चांगली आहे, पण शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी पत्रांना अजून उत्तर नाही.

ज्यांनी उत्तर दिले त्यांचे काम किती सोपे होते, हे वाचून राग यावा. अल्जीरियात हासी मसूद या तेलक्षेत्रात एक गळती निदान १९९९ पासून चालू होती. पाव शतक! ती २०२४ मध्ये सूचना मिळाल्यावर थांबवली गेली, आणि त्याने वाचलेले प्रदूषण वर्षाला पाच लाख मोटारी रस्त्यावरून काढण्याइतके मोजले गेले. नायजेरियातली एक गळती सहा महिने चालली होती; बिघडलेला भाग बदलून ती दोन आठवड्यांत बंद झाली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाप्रमाणे तेल, वायू आणि कोळसा उद्योगातला सुमारे चाळीस टक्के मिथेन कोणताही निव्वळ खर्च न येता रोखता येईल, कारण रोखलेला गॅस विकता येतो.

भारतातल्या शहरांसाठी यातून काय निघते? महापालिकांनी स्वतःच्या डेपोंची अशी मोजणी नियमित करून घ्यावी, तिचे आकडे अर्थसंकल्पाबरोबर छापावेत आणि ओला कचरा ढिगावर जाण्याआधीच वेगळा काढून त्याचा गॅस करावा, एवढी मागणी नागरिकांनी लावून धरायला काहीच हरकत नाही. पुरावा शोधायला फार लांब जावे लागणार नाही. संयुक्त राष्ट्रांचा ‘आय ऑन मिथेन’ आणि कार्बन मॅपर यांचे नकाशे इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य उघडता येतात. तिथे जाऊन आपल्या शहराच्या डेपोवर लोट नोंदला गेला आहे का, आणि कोणत्या तारखेला, हे वाचकांनी स्वतः पाहून घ्यावे आणि आपल्या नगरसेवकाला दाखवावे.